कूलरचे पैसे

धुळ्यात माझ्याइतक्या भरभर खिळे जुळवणारं दुसरं माणूस नव्हतं. हे मीच सांगते आहे, कारण ज्यांनी सांगायला हवं होतं त्या आमच्या नानांनी ते माझ्या तोंडावर कधीच सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला मात्र ते म्हणत, "आत बाई बसली आहे ना, संध्याकाळी घेऊन जा पत्रिका," आणि ते मला दोन खोल्यांमधल्या लाकडी फळीच्या अलीकडे ऐकू येई. तेवढ्यावर मी चौदा वर्षं काढली.

नाना म्हणजे छापखान्याचे मालक. पाच कंदील चौकाजवळच्या एका बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत छपाईचं मशीन आणि ते चालवणारे भाऊ, मागच्या खोलीत मी. माझ्यासमोर लाकडी केस असे. त्यात लहानलहान खण, आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात पट्टी धरायची आणि उजव्या हाताने खिळे उचलून तिच्यात ओळ बसवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे मजकूरही उलटाच वाचायचा. मला त्याची इतकी सवय झाली होती की सरळ छापलेलं वाचताना चुकल्यासारखं वाटे. प्रूफ तपासायला मी कागद पालथा करून, खालचं वर करून, ट्यूबलाइटसमोर धरत असे. मग चुका आपोआप डोळ्यात भरत. नवीन गिऱ्हाइकाला वाटे, बाईचं डोकं फिरलंय.

आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा नियम नानांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. काम छापून झालं की खिळा घरी गेला पाहिजे. म्हणजे जुळवलेला मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. शिसं महाग, खिळे मोजके. लग्नसराईत 'श्री' आणि 'चि.' यांची अशी ओढाताण होई की एका घरची पत्रिका मोडल्याशिवाय दुसऱ्या घरची उभी राहत नसे. छापून झालेला मजकूर तसाच ठेवून घरी जाणं म्हणजे उष्टी भांडी तशीच ठेवून झोपणं. रोज संध्याकाळचा शेवटचा तास मी खिळे घरी घालत असे, आणि खरं सांगायचं तर मला जुळवण्यापेक्षा हे मोडणंच जास्त आवडे. सगळी अक्षरं आपापल्या घरी पोचली की मी पांझरेच्या पुलावरून देवपूरला माझ्या घरी जात असे.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, वकील, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला नानांकडे आले. आमंत्रण द्यायला आले, पत्रिका छापायला नाही. पत्रिका त्यांनी जळगावहून कॉम्प्युटरवर करून आणली होती. नानांनी ती भिंगाखाली धरली. अक्षरं गोल, गुळगुळीत, एकाचाही कान तुटलेला नाही. आमच्याकडे 'ळ' गेली पाच वर्षं लंगडत होता. नानांनी वकिलांना चहा पाजून पाठवलं आणि ती पत्रिका संध्याकाळपर्यंत टेबलावरून हलवली नाही.

त्या हिवाळ्यात अशी आणखी चार-पाच घरं गेली. मग एके दिवशी नानांनी मला आणि भाऊंना समोर उभं करून सांगितलं, "आखाजी झाली की आपण कॉम्प्युटर आणतोय." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"नाशिकचा एक मुलगा बघितलाय."

"आणि मी?"

"तू बाइंडिंग बघ. घड्या घालायच्या, पिना मारायच्या. पगार तोच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पगार तोच म्हणे. जसा काही मी पगारच मागत होते. त्या संध्याकाळी खिळे खणात टाकताना एवढा आवाज झाला की भाऊ दोनदा येऊन विचारून गेले, काय पडलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. कॉम्प्युटरचा क्लास जळगावला आहे, दर रविवारी, आठ रविवार, फी बावीसशे, ही सगळी माहिती मी वकिलांच्या घरून काढून आणली होती. "मी शिकते," म्हटलं, "फी तुम्ही भरा."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि शिकून तू दुसरीकडे गेलीस म्हणजे?"

यावर मला भांडता आलं असतं, पण त्यांचंही खोटं नव्हतं. भाऊंच्या आधीच्या मशीनवाल्याला त्यांनी स्वतः शिकवलं होतं आणि तो हात बसल्यावर आठ दिवसांत सुरतेला निघून गेला होता. तेव्हापासून शिकवण्याच्या बाबतीत नानांनी कानाला खडा लावला होता.

"तू भर," ते म्हणाले. "शेवटच्या रविवारी मी स्वतः जळगावला येऊन बघेन. मशीनही बघायचंच आहे. तुला आलं तर खुर्ची तुझी. नाही आलं तर बाइंडिंग, आणि मग तोंड पाडायचं नाही."

माझा पगार तेव्हा साडेसातशे. बावीसशे म्हणजे तीन महिने. एवढे पैसे माझ्याकडे नसते तर प्रश्नच मिटला असता, मी दोन दिवस चरफडले असते आणि घड्या घालायला बसले असते. पंचाईत ही होती की बरोबर तेवढेच पैसे माझ्या हातात येणार होते. आमच्या गल्लीत अकरा बायकांची भिशी होती, दरमहा दोनशेची, आणि त्या महिन्यात चिठ्ठी माझी निघाली होती.

पण ते पैसे कूलरचे होते. खानदेशातला उन्हाळा ज्याने काढलाय त्याला कूलर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एप्रिलपासून आमच्या पत्र्याच्या घरात दुपारी भांड्याला हात लावला तर चटका बसे. माझ्या सासूबाईंना, त्यांना सगळेच अक्का म्हणत म्हणून मीही अक्का म्हणे, दर उन्हाळ्यात पाठभर घामोळ्या उठत. दोन वर्षं त्या ओली चादर पांघरून कूलरची वाट बघत होत्या. यंदा येणार हे त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. एवढंच नाही, तर खिडकीबाहेर ठेवायचा लोखंडी स्टँडसुद्धा त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून आधीच करवून घेतला होता. स्टँड उभा होता. फक्त वर कूलर नव्हता.

आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला. भीती पैशाची कमी आणि माझी स्वतःची जास्त होती. छत्तीस वर्षांची बाई. बोटांना खणांची सवय. तिकडे जाऊन काही डोक्यात शिरलंच नाही तर? कूलरही गेला, खुर्चीही गेली, आणि मी नाशिकच्या मुलाने केलेल्या पत्रिकांना घड्या घालतेय, हे चित्र मला भाकरी थापतानासुद्धा दिसे. दोन भाकऱ्या त्या आठवड्यात करपल्या.

आमचे हे एसटीत कंडक्टर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पैसे तुझे. तुला वाटेल ते कर. अक्काला मात्र तू सांग." इतक्या चपळाईने अंग काढून घेणं त्यांना गर्दीच्या गाडीतून चालून चालून जमलं असावं.

म्हणून मी आधी एक रविवार नुसतं बघून यायचं ठरवलं. जळगावला सराफ बाजाराच्या मागे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर क्लास होता. दारात चपलांचा ढीग. मीही चपला काढल्या आणि दार ढकललं, तर पायांवरून एकदम गार वाऱ्याची लाट गेली. आत एसी लावलेला होता. मार्च निम्माही झाला नव्हता तरी बाहेर डांबर मऊ झालं होतं, आणि आत कॉलेजची पोरं स्वेटर घालून बसली होती. मी पहिला प्रश्न शिकवणीचा विचारलाच नाही. मी विचारलं, "इथे एवढं गार कशाला?"

"मशीनला उकाडा सहन होत नाही," शिकवणारे सर म्हणाले.

मला अक्कांची पाठ आठवली आणि मशीनचा थोडा रागच आला.

सर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "काकू, ॲडमिशन मुलीची की मुलाची?"

"माझी."

त्याने चेहरा सांभाळला, हे त्याचं कौतुक. मग त्याने मला मराठी टाइप करून दाखवलं. दोन बोटांनी. एकेक अक्षर शोधत, मान वरखाली करत. मी बघतच राहिले. एवढ्या वेळात मी अख्खी ओळ जुळवून दाखवली असती, तीही शिशाची. ह्याला येतं तर मला का येऊ नये, असं मला अगदी उर्मटपणे वाटलं, आणि तो उर्मटपणा घेऊनच मी घरी आले.

अक्कांना सांगायचं राहिलं होतं. त्या ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. नानांचं, बाइंडिंगचं, नाशिकच्या मुलाचं, क्लासातल्या गार हवेचं, फीचं. कूलर शब्द मी शेवटी उच्चारला आणि तोही फार हळू.

अक्कांनी सूप खाली ठेवलं. रिकाम्या स्टँडकडे बराच वेळ पाहिलं.

"तठे गार हवा शे, आसं तू सांगं," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या.

"आहे."

"रोज?"

"रोज. दिवसभर."

"मंग शिक. पन माले एक दिन तठली हवा दखाडजो."

एक दिवस तिथली हवा त्यांना दाखवायची, एवढी अट घालून त्या उठल्या, घरातला माठ उचलला आणि बाहेर जाऊन त्या स्टँडवर ठेवला. मला बरं वाटलं आणि रडूही आलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दर रविवारी पहाटे पाचला उठायचं, स्वयंपाक करायचा, सहाची गाडी धरायची. पारोळा, एरंडोल करत साडेआठला जळगाव. दोन-तीनदा ह्यांचीच ड्यूटी त्या गाडीवर लागली. ते माझ्यापर्यंत येत, पूर्ण तिकीट फाडत आणि सगळ्यांसमोर म्हणत, "बाई, सुट्टे द्या." मीही पन्नासची नोट काढून देई आणि उरलेले पैसे घेईपर्यंत त्यांच्याकडे ओळख नसल्यासारखी बघत राही. शेजारची बाई एकदा मला म्हणाली, कंडक्टर फारच खडूस दिसतो. मी म्हटलं, घरीही असाच असेल.

पहिले तीन रविवार माझी फजितीच झाली. डोळ्यांना 'क' दिसला की हात हवेत उठून डावीकडे खणाकडे जाई आणि शेजारच्या पोराच्या चष्म्याला लागे. त्या पोराने चौथ्या रविवारपासून जागा बदलली. पण चौथ्या रविवारी बोटांना नवीन घरं सापडली. खण लहान झाले होते इतकंच, आणि प्रत्येकात एकच अक्षर होतं. पाचव्या रविवारी मी सरांच्या पुढे गेले. सहाव्या रविवारी सर इतर पोरांना म्हणाले, काकूंकडे बघा. मी मान वर न करता ते ऐकलं. ऐकायला मला फळी लागली नाही.

प्रत्येक रविवारी मी एक पत्रिका करत असे. प्रिंटरमधून कागद निघाला की पालथा करून ट्यूबलाइटसमोर धरायचा, चुका काढायच्या, पुन्हा काढायचा. मग घरी जायच्या आधीचं शेवटचं काम उरकायचं आणि सर सांगत तसं न चुकता सेव्ह करायचं. सरांनी सेव्ह करण्यावर फार भर दिला होता आणि मी त्यांचं कधी मोडलं नाही.

घरी उन्हाळा चढत चालला होता. मी परतले की अक्का माझ्या गालाला हात लावून बघत आणि म्हणत, "आज बी गार शे." आणि पुन्हा चादर ओली करायला जात. आठवडाभर मी त्यांच्या पाठीला चंदन लावत होते. त्या दिवसांत मला एसीत बसल्याची लाज वाटे, हे मी कोणाला सांगितलं नाही.

आखाजीच्या आधीचा रविवार, म्हणजे आठवा आणि शेवटचा, उजाडला. अक्का पहाटे माझ्याही आधी उठून, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. पिशवीत शाल होती. गाडी नेमकी ह्यांचीच. ह्यांनी आपल्या आईलाही पूर्ण तिकीट फाडलं. अक्कांनी ते कमरेला खोचलं आणि पारोळ्यापर्यंत लेकाशी बोलल्या नाहीत.

क्लासच्या दारात त्यांनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि डोळे मिटून घेतले. सरांनी त्यांना एसीच्या बरोबर खाली खुर्ची दिली. अक्का वर बघून म्हणाल्या, "हाऊच का मन्हा कूलर?"

"हाच," मी म्हटलं.

अकराच्या सुमारास त्यांनी शाल काढून पांघरली, बाराला कानांवरून घेतली, पण खुर्ची काही सोडली नाही.

साडेबाराला नाना आले. घामाने निथळत, खांद्यावर पंचा, दारातल्या गार हवेने दचकून. सरांनी त्यांना मोठ्या अदबीने बसवलं. नाना कॉम्प्युटर घेणार आहेत हे त्यांना मी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सर अंगात आल्यासारखे बोलत होते. "ह्याची मोठी गंमत ही की एकदा केलेलं काम कायमचं राहतं. वर्षाने गिऱ्हाईक आलं तरी तयार. आता काकूंच्याच पत्रिका बघा, सात रविवारच्या सात."

त्यांनी पहिली उघडली. पडद्यावर पांढरं पान.

दुसरी उघडली. पांढरं पान. तिसरी, चौथी, अशा सातही उघडल्या. बर्फ पडल्यासारखा पांढरा पडदा आणि त्याच्यासमोर पांढरे पडलेले सर. "काकू, सेव्ह केलं नव्हतं का?"

"केलं की. दर रविवारी केलं."

आणि ते खरं होतं. छापून निघालं की मी शेवटच्या अक्षरापासून सुरू करून एकेक अक्षर पुसत मागे जात असे. पान स्वच्छ झालं की समाधानाने सेव्ह करत असे. सात रविवार मी कोरी पानं जपून ठेवली होती.

नाना पुढे वाकून त्या कोऱ्या पानाकडे बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "काम छापून झालं होतं ना?"

"हो."

"मग बरोबर आहे," नाना सरांकडे वळून म्हणाले. "काम झाल्यावर मॅटर उभं कशाला ठेवायचं? हिने खिळा घरी घातला."

सर आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघू लागले. वेड्यांच्या ताब्यात सापडल्यासारखे. मग त्यांच्या हळूहळू लक्षात आलं असावं. ते समजावून सांगू लागले, "पण नाना, इथे अक्षरं संपत नाहीत. ही पत्रिका तशीच ठेवून दुसरी करता येते. शंभर करता येतात."

"'श्री' लागले तर?" नानांनी विचारलं.

"कितीही."

"कितीही 'श्री'," नाना स्वतःशीच म्हणाले, आणि मीही. चौदा वर्षं आम्ही दोघं 'श्री'साठी भांडत आलो होतो.

पण नाना शेवटी मालक होते. भानावर येऊन म्हणाले, "ते असू दे. तुझ्याकडे दाखवायला तर काही नाही. छापलेला कागद कुणीही आणेल. आत्ता माझ्यासमोर एक पत्रिका कर."

मी मशीनसमोर बसले. गारठ्याने की भीतीने कोण जाणे, बोटं काकडली होती. आठ रविवार, बावीसशे रुपये, अक्कांच्या घामोळ्या, सगळं त्या दहा बोटांत येऊन बसलं होतं. "मजकूर?" मी विचारलं. नानांनी खिसे चाचपले. कोणाकडेच मजकूर नव्हता.

तेव्हा एसीखालच्या शालीतून आवाज आला, "मन्हा लगीननी कर."

आम्ही सगळे वळलो.

"मन्हा लगीनमा पत्रिका नव्हती," अक्का म्हणाल्या. "गावमा अक्षदा वाट्यात, बस. आते कर."

नाना हसले, पण नको म्हणाले नाहीत. अक्का सांगू लागल्या आणि मी टाकू लागले. गाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. दिवस आखाजीचा दुसरा, वेळ गोरजाची. साल त्यांना आठवेना, धाकटा भाऊ नुकता चालायला लागला होता एवढंच आठवत होतं. मी सालाच्या जागी ठिपके दिले. छापखान्यात अर्धा मजकूर आला की आम्ही असंच करत असू. नवऱ्या मुलाच्या नावापाशी गाडी अडली. अक्कांनी पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "त्यासनं नाव तूच टाक." सासऱ्यांचं नाव मीही कधी तोंडाने घेतलं नव्हतं. बोटांनी घ्यायला मात्र कोणाची हरकत नव्हती.

"आणि तुमचं, अक्का? माहेरचं नाव?"

अक्कांनी शाल कानांवरून खाली घेतली. मग त्यांनी नाव सांगितलं. दोन अक्षरी, लहानसं नाव. चौदा वर्षं मी त्यांच्या घरात होते आणि ते मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या लेकालाही ते ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं. मी ती दोन अक्षरं टाकली आणि होतील तेवढी मोठी केली.

"वधूचं नाव वरापेक्षा मोठं?" नाना मागून म्हणाले.

"गिऱ्हाइकाने सांगितलंय," मी म्हटलं.

बोटं कधी गरम झाली ते कळलंच नाही. प्रिंट निघाली. मी कागद उचलला, पालथा केला, खालचं वर केलं आणि ट्यूबलाइटसमोर धरला. एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करून दुसरा कागद काढला आणि नानांपुढे ठेवला. नानांनी तो वाचला नाही. मी कागद उलटा धरला तेव्हाच त्यांनी चष्मा काढून खिशात घातला होता.

"खुर्ची तुझी," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, दुसरीकडे बघत, "निम्मी फी मी देतो."

माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या अक्कांनी शालीतून मला कोपराने ढोसलं. अकराशे म्हणजे निम्मा कूलर. मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मला ती ओली चादर आठवली, करपलेल्या भाकऱ्या, पहाटेची गाडी, अक्कांनी न घातलेल्या शिव्या. हा अख्खा उन्हाळा आमच्या घराने सोसला होता, तो निम्मा कोणाला द्यायची माझी तयारी नव्हती.

"फी नको, नाना," मी म्हटलं. "पगाराचं बघा."

"बघू," नाना म्हणाले. त्या 'बघू'चे दिवाळीला दीडशे झाले, पण त्या दिवशी ते नुसतं 'बघू' होतं, आणि अक्का माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

नाना गेले. पाच वाजता सर मशीनं बंद करू लागले. माझ्या पडद्यावर अक्कांची पत्रिका अजून होती. काम छापून झालं होतं. हात सवयीने त्या पुसायच्या बटणावर गेला.

"आते तू ते पुसशी का?" अक्कांनी विचारलं. त्या माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कोण जाणे.

मी हात मागे घेतला. पान होतं तसं ठेवून सेव्ह केलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी मजकूर न मोडता जागेवरून उठले, आणि जिना उतरेपर्यंत मला काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटत होतं.

देवपूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतल्या बायका ओट्यावर पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्यातली एक अख्खा उन्हाळा तोच प्रश्न विचारत आली होती, तिने तो पुन्हा विचारला. "काय अक्का, तुमचा कूलर येणार होता ना? कुठे राहिला?"

एरवी अक्का तोंड फिरवून आत जात. आज त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली, घडी घातलेली पत्रिका कमरेला खोचलेली होती ती एकदा चाचपली.

"कूलर जळगावले शे," त्या म्हणाल्या. "मी आज दखी उनू. आनि मन्हं लगीन बी तठेच शे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी कुलूप उघडत होते. अक्कांनी स्टँडवरच्या माठातून तांब्याभर पाणी काढलं, आधी मला दिलं, आणि ते खरोखर गार होतं.